न झालेल्या बाळंतपणाचा पट्टा

मी पोटपट्टा बोलतोय. बाळंतिणीच्या पोटाला गुंडाळतात तो, जुन्या सुती लुगड्याचा, सहा हात लांब. पूर्वी हे नाव सांगताना मी फुगायचो. आता मान खाली घालून सांगतो.

रायपूरच्या चौबे कॉलनीतल्या गोदावरीबाईंनी मला आपल्या लुगड्यातून फाडलं, तेव्हा त्यांची सून पद्मिनी नुकतीच बाळंत झाली होती. सव्वा महिना मी तिच्या पोटावर होतो. पुढे शेजारच्या चारजणींकडे जाऊन आलो. मला वाटायचं, पोट म्हणजे पोट, आपल्याला सगळं कळतं. डोक्यात हवा गेली होती माझ्या.

मधे बरीच वर्षं गेली. रायपूर छत्तीसगडची राजधानी होऊन तीन वर्षं झाली होती. पद्मिनीला शेहेचाळिसावं लागलं होतं. गाठी झाल्या म्हणून तिचं गर्भाशय पोट उघडून काढावं लागलं. सहाव्या दिवशी ती ऑटोतून घरी आली. नव्या रस्त्यांसाठी सगळीकडे खणून ठेवलेलं, त्यामुळे घरी पोचेपर्यंत ती दोन्ही हातांनी पोट धरून होती. टाके अजून निघायचे होते.

गोदावरीबाईंची माया खरी. त्याच संध्याकाळी त्या वैद्य यशवंतरावांकडे गेल्या. पट्टा भिजेल एवढं तेल हवं, हे दाखवायला मलाही थैलीत घातलं.

"कोणासाठी?" वैद्यांनी विचारलं.

बाकावर दोन पुरुष बसलेले. पिशवी काढली, हे त्यांच्यासमोर बोलायचं कसं? बाईंनी पदर सावरला. "घरी बाळंतीण हाय जी."

वैद्यांनी आनंदाने तेल आणि डिंक बांधून दिला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी दवाखान्याची पट्टी काढली, पोटाला तेल चोळलं, शेगडीचा शेक दिला आणि मला गुंडाळलं. वर तुपाने थबथबलेला डिंकाचा लाडू.

"जरा कसूनच बांधते वो, पोट सुटत नाही मंग."

पद्मिनीने ओठ दाबले. "हव," एवढंच म्हणाली. या वयात सासू आपल्यासाठी एवढी राबते, तिला दुखतं म्हणून कसं सांगायचं?

तिसऱ्या दिवशी मी ओला झालो. तेल मला ओळखता येतं, हे तेल नव्हतं. गरम होतं, त्याला वास होता. घरात सगळ्यांत आधी मला कळलं, आणि मी काय केलं? आतल्या आत शोषून घेतलं. वरून कोरडाच दिसत राहिलो. याची मला आजही लाज वाटते.

चौथ्या दिवशी यशवंतराव दारात उभे. हातात बाळगुटीची पुडी. "काय गोदावरीबाई, नातू का नात?"

पद्मिनीची मुलगी स्वरदा आतून आली. "बेबी? किसका बेबी? मम्मी का तो ऑपरेशन हुआ है. आज बुखार भी है."

वैद्यांचा चेहरा उतरला. "काहून लपवलं बाई? सोडा आधी तो पट्टा!"

स्वरदाने मला सोडलं. मी जखमेला चिकटलो होतो. पद्मिनी पहिल्यांदा किंचाळली. दोन टाके उसवले होते आणि पू वाहत होता. वैद्यांनी जखमेला हात लावला नाही. "ज्यांनी शिवलं त्यांच्याकडे घेऊन जा. आत्ताच्या आत्ता."

आठ दिवसांनी ती परत आली. डॉक्टरांची परवानगी घेऊन वैद्यांनी पथ्य सांगितलं. आधी सुंठ-सैंधव घातलेली तांदळाची पातळ पेज, पचली तर जरा घट्ट, मग मुगाचं कढण. जखम पुरती भरेपर्यंत ना तेल, ना शेक. "अन् भूक लागली का, ते तिलेच विचारा," ते म्हणाले.

त्या दुपारी बाईंनी मला उकळत्या पाण्यात टाकलं. डाग गेला नाही. मला पिळता पिळता त्या रडल्या. "मले पिशवी म्हणायची लाज वाटली, अन् पोट पिकलं सुनेचं."

आता मी स्वयंपाकघरातल्या खुंटीवर असतो. बाईंनी मुद्दाम ठेवलंय, येता-जाता दिसावा म्हणून. काल शेजारच्या अंजनाबाई नवऱ्याला घेऊन आल्या. मुलीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालंय, पट्टा हवा होता.

गोदावरीबाई दारातच उभ्या राहिल्या. समोर पुरुष माणूस होता, तरी पदर सावरला नाही. "माह्या सुनेची पिशवी काढली होती. म्या खोटं सांगून तेल आणलं, हा पट्टा बांधला, अन् टाके पिकले. बांधायचं का, ते डॉक्टरले पुसा. मी नाही देत."

तुम्हालाही माझं एवढंच मागणं आहे. मला हवं तर फाडा, पायपुसणं करा. पण कुणाच्या पोटाला काही बांधण्याआधी त्या बाईला एकदा विचारा. मी विचारू शकलो नाही.

अंजनाबाई गेल्या. बाईंनी पेजेची वाटी भरली आणि पद्मिनीजवळ बसल्या.

"पद्मिनी, दुखते का वो?"

पद्मिनीने पुन्हा ओठ दाबले. मग सोडले.

"हो आई. लय दुखते."