ठकीचं पाचपरतवण

लग्न अगदी रीतसर व्हायला हवं, हा हट्ट नीलाताईंचाच. त्यामुळे आता तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसण्यावाचून इलाज नव्हता.

झालं असं की, मे महिन्याच्या सुट्टीत नात दिशा मोबाइलमधून डोकं काढेना, म्हणून नीलाताईंनी कपाटातून आपली ठकी बाहेर काढली. त्यांच्या पहिल्या वाढदिवसाला वडिलांनी सावंतवाडीच्या सुताराकडून पांगाऱ्याच्या लाकडाची करवून घेतलेली बाहुली. रुंद, बुटकी, रंगवलेल्या लाल लुगड्याची, आणि डोक्यावर छोट्या नीलाच्या पहिल्यावहिल्या दातांचे वण. चाळीस वर्षं ती वर्तमानपत्रात गुंडाळून पडली होती.

समोरच्या फ्लॅटमधल्या दिशाच्या मैत्रिणीकडे, निशिगंधाकडे, तिला नवरा मिळाला. निशिगंधाच्या आजोबांनी, सहदेवरावांनी, आपल्या तरुणपणच्या टिपरीतून तो कोरला होता. नवरी ओंडक्यासारखी, नवरा टिपरीएवढा. ठाकुर्लीची ती अख्खी सोसायटी आठवडाभर या जोडप्याला हसत होती.

नीलाताईंना मात्र हुरूप चढला. महापालिकेत तीस वर्षं कारकुनी केलेली बाई ती; काम अर्धवट कसं करणार? पत्रिका लिहिली, मानपान ठरवला, वरपक्षाने नारळ आणला नाही म्हणून मुहूर्त दहा मिनिटं अडवून धरला. मंगलाष्टकं स्वतः म्हटली. मुलींनी टिपऱ्या खेळत गच्चीभर वरात फिरवली. मग निशिगंधाच्या आजीने, गंगुबाईंनी, पदर पसरला आणि म्हणाल्या, "चला सूनबाई, आपल्या घरी."

संध्याकाळी खेळ मोडेल आणि ठकी कपाटात परत जाईल, असं नीलाताई धरून चालल्या होत्या.

"दिशा, जा गं, ठकी घेऊन ये," त्या रात्री जेवताना म्हणाल्या.

"असं कसं आजी? लग्न झालं ना तिचं. तूच बोललीस, सगळं प्रॉपर करायचं."

आठ वर्षांच्या पोरीपुढे शब्द कसा फिरवायचा?

दुसऱ्या दिवशी विरजणाचं निमित्त करून त्या समोर गेल्या. निशिगंधा ठकीला चक्क नळाखाली धरून न्हाऊ घालत होती. रंग जाईल, हे शब्द अगदी जिभेवर आले होते. पण मुलीच्या आईने सासरच्या कारभारात तोंड घालायचं नसतं, म्हणून त्या विरजण घेऊन मुकाट परतल्या. त्यानंतरचे दोन दिवस त्यांचं दार उगाचच किलकिलं राहिलं.

पाचव्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात गंगुबाई. एका हातात ठकी, दुसऱ्या हातात टिपरीचा जावई. ठकीला खणाचं नवं हिरवं लुगडं, गळ्यात चार मण्यांची पोत.

"पाचपरतवण हाय आज," गंगुबाई म्हणाल्या. "लेक-जावई माहेरी आणल्यात. चार दिस ठेवून घ्या." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "आन् न्हाई धाडली परत, तरी चालंल ताई. लुगडं नेसवताना डोईवरचं दातांचं वण बघितलं मी. तुमचंच ना? पोरींना मी समजावते."

नीलाताईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. गंगुबाईंनी न मागताच सुटका करून दिली होती. त्यांनी ठकीला छातीशी धरलं आणि जावयाला पाटावर बसवलं.

चार दिवस ठकी माहेरी राहिली. नीलाताईंनी तिला पुन्हा पुन्हा निरखलं. चाळीस वर्षं आपण हिला नुसती जपली. तिकडे पाच दिवसांत हिला न्हाणं मिळालं, लुगडं मिळालं, लाडाची सासू मिळाली. हे कळलं तेव्हा त्यांना थोडं लागलं आणि मग फार बरं वाटलं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी तांदूळ आणि खोबऱ्याच्या वाटीने ठकीची ओटी भरली आणि दिशाचा हात धरून समोरची बेल दाबली.

"आणलीत व्हय," गंगुबाई नुसतंच हसल्या.

"नागपंचमीला पाठवा. जावयासकट," नीलाताई म्हणाल्या. ठकी गंगुबाईंच्या पदरात घालताना मात्र त्यांना राहवलं नाही. "आणि एक सांगते, आईच्या मायेनं. तिला रोज न्हाऊ नका घालू. ओल्या फडक्यानं पुसली तरी पुरे."