चिंधीचे दूध तोडले तेव्हा

माईंच्या लाँड्रीत ओलसरपणाला थारा नव्हता. मशीनमधून निघालेले धुणे ड्रायरमध्ये जाई, तेथून टेबलावर, टेबलावरून इस्त्रीखाली, आणि शेवटी कडक घडी होऊन कपाटात. या वाटेवर एखादी चादर किंचितशी जरी सर्द लागली, तरी माई ती गालाला लावून पाहत आणि एक अक्षर न बोलता पहिल्या मुक्कामावर परत धाडत. त्यांचे ते न बोलणेच सगळ्यांना अधिक झोंबे. यजमान गेल्यापासून हा सारा पसारा त्यांनी स्वतःच्या खांद्यावर ओढला होता, आणि ओलीने कुजलेले एकही कापड गिऱ्हाइकाच्या हाती पडू दिले नव्हते.

अशा ठिकाणी ते पिल्लू सापडावे, हा योगच म्हणायचा. मागच्या खिडकीच्या फटीतून एक खार आत शिरली होती आणि जुन्या चिंध्यांच्या टोपलीत तिने घरटे केले होते. तिला मांजराने नेले. मागे उरले ते अंगठ्याएवढे, उघडे-वाघडे, डोळेही न उघडलेले एकच पिल्लू. टोपली झटकताना इस्त्रीवाल्या काकांच्या हाताला ते ऊबदार लागले म्हणून वाचले.

"माई, खार म्हणजे झुपकेदार शेपटीचा उंदीरच," लाँड्रीची मशिने सांभाळणारा माईंचा धाकटा मुलगा म्हणाला. "धुतलेल्या कपड्यांत हा ठेवणार? गिऱ्हाइकांनी बघितलं तर काय म्हणतील?"

"गिऱ्हाइकं तुलाही रोज बघतात. अजून कुणी काही म्हटलेलं नाही."

काकांनी हसू गिळले. धाकट्याने विषय सोडला. पिल्लाचे नाव त्याच दिवशी चिंधी पडले.

जनावरांचा डॉक्टर आपले पांढरे कोट याच लाँड्रीत टाकी. त्याने पिल्लू तळहातावर घेऊन उलटसुलट पाहिले आणि मान हलवली. "एवढंसं पिल्लू, आईविना. फार आशा धरू नका, माई."

"तुमच्या कोटावरचे डाग निघतील अशी आशाही कुणी धरत नसेल, डॉक्टर. मी काढतेच ना? तुम्ही फक्त काय पाजायचं ते सांगा. जगवायचं काम माझं. खाऊन-पिऊन, स्वतःच्या पायांनी ती इथून बाहेर जाईल, हे मी सगळ्यांसमोर सांगते."

माईंनी सगळ्यांसमोर सांगितलेली गोष्ट म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळणारी दुधाची पावडर आली, रबरी बोंडाची बारीक पिचकारी आली. पिल्लाला पालथे धरायचे, म्हणजे दूध छातीत जात नाही. थेंब थेंब सोडायचा, त्याने घोट घेतला की मगच पुढचा. पाजून झाले की कोमट कापसाने पोट आणि खालची बाजू पुसून घ्यायची, म्हणजे ते शी-शू करते. माईंनी हे सारे असे अंगवळणी पाडून घेतले की जणू जन्मभर त्यांनी खारीच वाढवल्या. चिंधीचे डोळे उघडले, अंगावर मखमल आली, शेपटी फुलली. पाहता पाहता ती माईंच्या बाहीतून शिरून खांद्यावर निघू लागली आणि पिचकारी दिसताच दोन्ही पंजांनी ती ओढून घेऊ लागली.

तेव्हा माईंनी ठरवले की आता दूध तोडायचे.

या बाबतीत माईंचा हात कुणी धरू शकत नसे. आपल्या चारही मुलांचे दूध त्यांनी एका दिवसात तोडले होते. सकाळी जे बंद झाले ते झाले. रडले तर रडू दिले. पानात वाढलेले संपवल्याशिवाय त्या घरात आजही कुणी उठत नसे, आणि ही शिस्त आपण त्या चार दिवसांत लावली, असा माईंचा ठाम समज होता. चिंधीला वेगळा न्याय लावण्याचे त्यांना कारण दिसले नाही. त्यांनी पिचकारी धुऊन, पुसून वरच्या फळीवर ठेवली. तारेच्या पिंजऱ्यात घडी घातलेला कोरडा टॉवेल अंथरला, काकडीची चकती, सफरचंदाची फोड, भिजवलेले बिस्किट मांडले आणि कोपऱ्यात पाण्याची वाटी ठेवली.

चिंधी सर्वांत आधी वाटीतच जाऊन बसली. वाटी उपडी झाली, टॉवेल चिंब. माईंनी टॉवेल बदलला, वाटी भरली. चिंधी पुन्हा वाटीत. माईंनी पुन्हा बदलला. मग मात्र त्यांचा संयम सुटला.

"ओल्या अंथरुणात निजून ही गारठून मरेल," त्यांनी निकाल दिला. "वाटी काढा. काकडीत पाणी असतं, सफरचंदात असतं, तेवढं पुरे. आणि पिंजरा इस्त्रीच्या टेबलाजवळ ठेवा. तिथे ऊबही राहील, कोरडंही राहील."

काकांनी पिंजरा आणून ठेवला. वाफेच्या इस्त्रीचा दिवसभर चालणारा तो कोपरा. तिथे टांगलेला शर्ट हां हां म्हणता खडखडीत होत असे.

पहिल्या दिवशी चिंधीने थयथयाट केला. तार चावली, किंचाळली, काकडी ओढून कोपऱ्यात फेकली. दुसऱ्या दिवशी दुपारी काका म्हणाले, "माई, हिने बिस्किटाला तोंड लावलेलं नाही."

"भूक लागली की लावेल. तुमचा मुलगाही मेला असता का एक जेवण चुकल्यानं?"

"तो नसता मेला. पण तो एवढासा नव्हता हो."

माई चादरी मोजायला वळल्या. तिसऱ्या दिवशी चिंधी गप्प झाली. टॉवेलवर शेपटीत तोंड खुपसून पडून राहिली. या घरात गप्प बसणे म्हणजे ऐकणे असेच आजवर ठरलेले होते. त्यामुळे माईंना मनातून बरे वाटले. आली वळणावर, त्या स्वतःशी म्हणाल्या.

गल्ल्यावर बसणारी सूनबाई त्या दुपारी कुणाचे शर्ट न्यायला आत आली. ही अबोल मुलगी. लग्न होऊन आल्यापासून माईंच्या शब्दापुढे तिने शब्द टाकलेला कुणी ऐकला नव्हता. ती पिंजऱ्यापाशी वाकली, शर्ट टेबलावर ठेवले, दार उघडून चिंधीला उचलले आणि मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी खाली गेलीच नाही. तंबूसारखी तशीच उभी राहिली.

"माई, हिच्यात पाणी नाही."

"काकडी आहे तिथे."

"तिनं काकडी खाल्लेली नाही. माझ्या बाळाला जुलाब झाले होते, तेव्हा डॉक्टरांनी असंच करून बघितलं होतं. कातडी परत बसली नाही की समजायचं."

"सूनबाई, मी चार मुलं वाढवली आहेत."

"हो. आणि चौघांनाही तुम्ही पाणी देत होतात." सूनबाईचे पाऊल जागचे हलले नाही. "दूध हेच तिचं पाणी होतं. दूध तोडलं तेव्हा दोन्ही तुटलं. वर या भट्टीजवळ ठेवलंय. आपण शर्ट वाळवतो तशी ही वाळतेय, माई!"

इस्त्री काकांच्या हातात अधांतरी राहिली. माईंचा चेहरा लाल झाला. अशा वेळी त्या काय बोलतात हे तिथे सगळ्यांना ठाऊक होते, आणि सगळे ते ऐकायची तयारी करून उभे राहिले. पण माईंची नजर पिंजऱ्यातल्या टॉवेलकडे गेली होती. त्यांनी तो बाहेर काढून खिडकीच्या उजेडात धरला. डाग वाचणे हा त्यांचा जन्माचा धंदा. चिंधीने एरवी केलेली शू टॉवेलवर दिसतही नसे. आज तिथे एकच लहानसा ठिपका होता, चहाच्या चोथ्यासारखा गडद, कडेला वाळून चिकट झालेला. जिच्या अंगात पाणी आहे तिचा डाग असा पडत नाही, हे माईंना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"काका, इस्त्री बंद करा," त्या म्हणाल्या.

"बंद? माई, हॉटेलच्या चादरी..."

"मराठीच बोलले मी."

भर दुपारी त्या लाँड्रीतली वाफ थांबली. मशीनचा आवाज बदललेला ऐकून धाकटा धावत आला आणि आईचा चेहरा पाहून दारातच थबकला. माई फोनवर होत्या. पलीकडून डॉक्टर सांगत होता: दूध लगेच नको, आधी जलसंजीवनीचे कोमट पाणी, थेंब थेंब, थोडे थोडे, मध्ये उसंत देऊन, अंग गार असेल तर आधी ऊब, पण भट्टीची नव्हे, हाताची. आणि शेवटी तो म्हणाला, "उशीर झाला असेल, माई. मन घट्ट करा."

"मन माझं घट्टच आहे. एका वेळी थेंब किती, तेवढं सांगा."

माईंनी चिंधीला तळहातांच्या ओंजळीत धरले. तिचे वजन एखाद्या मोज्याइतकेही लागत नव्हते. पिचकारी सूनबाईने घेतली.  पहिला थेंब ओठांवरून घरंगळला. दुसराही.

"माई, हलू नका," सूनबाई म्हणाली.

आजवर माईंना असे कुणी सांगितले नव्हते. त्या हलल्या नाहीत. तिसरा थेंब ओठांवर थांबला, आणि चिंधीची जीभ, गुलाबी दोऱ्याच्या टोकाएवढी, बाहेर येऊन तो घेऊन गेली.

"घेतला!" धाकटा दारातून ओरडला.

"गप्प बस. घाबरेल ती."

"माई, हॉटेलचा माणूस गाडी घेऊन उभा आहे. त्याला काय सांगू?"

"चादरी ओल्या आहेत म्हणून सांग. माझ्या लाँड्रीतून हे वाक्य त्यानं कधी ऐकलेलं नाही, आज तेही ऐकू दे."

संध्याकाळपर्यंत त्या दोघी आळीपाळीने बसल्या. उजेड कलताना माईंच्या ओंजळीत ओलसर काही लागले. त्यांनी हात झटकला नाही. पांढऱ्या रुमालाने बोट टिपून तो खिडकीपाशी नेला. रुमालावर काही दिसत नव्हते, इतका तो डाग फिकट होता. माईंनी सूनबाईच्या हाती रुमाल दिला आणि पाठ फिरवून नाक शिंकरले.

दुसऱ्या सकाळी नवा हुकूम निघाला. दूध पुन्हा सुरू; तोडायचे, पण एकेक वेळ कमी करत, आणि प्रत्येक वेळी चिंधीचे पोट, कातडी आणि टॉवेल पाहून. पिंजरा पुढच्या खोलीत, वाफेपासून दूर. धाकट्याने तारेला पाण्याची बाटली बांधून दिली. चिंधीने तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. मग माईंनी स्वतः एक स्वच्छ रुमाल पाण्यात बुडवला, अर्धवट पिळला आणि पिंजऱ्याच्या एका बाजूला टांगला. चिंधी त्याचे टोक तोंडात धरून चोखू लागली. दिवसातून कितीदा तरी माई तो रुमाल पुन्हा ओला करत. अंथरूण दुसऱ्या बाजूला, आणि ते मात्र खडखडीत कोरडे.

"माई," धाकटा चेष्टेने म्हणाला, "लाँड्रीत ओलं कापड टांगलंयस. एकदा तरी 'चुकलं' म्हण ना!"

"काय चुकलं? मी हुकूम बदलला. हुकूम बदलायचा अधिकार हुकूम देणाऱ्याचाच असतो." आणि गल्ल्याकडे मान न वळवताच त्या पुढे म्हणाल्या, "सूनबाई, आजपासून हिला किती दूध, ते तू ठरवायचं. मला विचारायला येऊ नकोस."

सूनबाईने मान खाली घातली, पण तिच्या गालावरची खळी काकांच्या नजरेतून सुटली नाही.

दुधात मऊ केलेले बिस्किट चिंधीने आधी खाल्ले. मग काकडीचा गर, मग सालीसकट काकडी, मग अक्रोडाचा तुकडा पंजात फिरवत, त्याचे टरफल माईंच्या चष्म्यावर उडवत. दुधाची एकच वेळ उरली, सकाळची. ती माईंनी कुणाला दिली नव्हती.

एके दिवशी त्यांनी नेहमीप्रमाणे पिचकारी पुढे केली. चिंधीने वास घेतला आणि तोंड फिरवले. माईंनी पिचकारी पुन्हा तिच्या तोंडाशी नेली. चिंधीने दोन्ही पंजांनी ती ढकलली. सारी लाँड्री आपापले काम करत असल्याचे नाटक करत होती. माईंनी तिसऱ्यांदा, जरा दटावूनच, बोंड तिच्या ओठांत घातले. तेव्हा चिंधीने मान वेळावली आणि माईंच्या तर्जनीत दात रुतवले. खोल, रक्त येईल असे. मग उडी मारून ती ओल्या रुमालापाशी गेली आणि पाणी पिऊ लागली.

"चावली?" धाकटा पुढे धावला. "बघू! एवढं सगळं करून ही तुलाच चावली?"

माईंनी बोट नळाखाली धरले. पाणी लाल होऊन वाहत होते आणि त्या ते समाधानाने पाहत होत्या.

"चावणारच. कुणी वाढवलीय?"