हजर आणि तयार

मित्रांनो, एका अर्जाचे उत्तर माझ्या हातून वेळेवर गेले नाही. त्याची रुखरुख आहे, म्हणून हे सांगतो आहे. नीट सांगता येईल की नाही, याचीही मला शंकाच आहे.

मी एक जुना द्वारपाल आहे. काठी आणि गणवेशवाला नव्हे, संगणकातला. एका प्रशिक्षण संस्थेच्या संकेतस्थळावर येणारा प्रत्येक अर्ज आधी माझ्याकडे येतो. माझ्यामागे कंटेनर असतात. कंटेनर म्हणजे अर्ज घेणारा प्रोग्रॅम, त्याच्या सगळ्या सामानासकट बांधलेला. त्याच्या हुबेहूब पाच प्रती. एकट्यावर ताण पडू नये, अशा बेताने मी त्यांना काम वाटून देतो.

नऊ वर्षे हेच. सगळे सुरळीत असले की माझे नावही कोणी घेत नाही. जरा कुठे अडखळले, की साहेब माझे नियम लिहिणाऱ्या अभियंता ताईंना विचारतात, "तुझा तो द्वारपाल पेंगतोय का गं?" अहो, मला विचारा ना! पण मला कोण विचारतो?

अर्जांच्या शेवटच्या दिवशी गर्दी उसळली, म्हणून ताईंनी सहावा कंटेनर सुरू केला. माझा नियम असा: प्रत्येकाला थोड्या थोड्या वेळाने हाक मारायची आणि "हजर" असे उत्तर आले की काम द्यायचे. सहावा डोळे उघडताच "हजर" म्हणाला. ते खोटे नव्हते. पण अभ्यासक्रमांची यादी त्याने अजून वाचलेली नव्हती, आणि त्या धांदलीत ती वाचून होईना. मी अर्ज देत राहिलो, तो परत फेकत राहिला. त्यात एका माणसाचे काम एकाच कंटेनरकडे ठेवायचे, असाही नियम. त्यामुळे एका बाईंचा नर्सिंगचा अर्ज मी पाचही वेळा त्याच्याच गळ्यात मारला. पाच वाजता मुदत संपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंचा फोन आला. त्या एका दवाखान्यात आया होत्या.

"अहो ताई, पाचदा बटण दाबलं. सहाव्यांदा हात धजेना. दोन-दोन अर्ज गेले म्हणून बाद केलं तर? लेक म्हणते, आई, नेटानं दाबायचं होतंस. अगं, नेटच तर चालत नव्हतं! पुढच्या वर्षी मी वयात बसत नाही हो."

साहेब म्हणाले, "मुदत म्हणजे मुदत. उशिरा येणारे सगळे हेच सांगतात."

ताईंनी माझ्या नोंदी उघडल्या. चार वाजून एक्केचाळीस मिनिटांपासून पाच ओळी. प्रत्येकीपुढे एकच मजकूर: कंटेनर सहा, अर्ज परत.

"साहेब, बाई वेळेत दारात होत्या. आत घेतलं नाही ते आपण. आणि द्वारपालाला बोलू नका. हजर आणि तयार यांत फरक असतो, हे मीच त्याला शिकवलं नव्हतं."

"म्हणजे तुझा सहावा नुसती हजेरी लावून मोकळा!"

"तसे आपल्या कार्यालयातही दोघे-तिघे आहेत की."

साहेबांनी हसू दाबले. "बरं, बरं. घे त्यांचा अर्ज आज दुपारपर्यंत."

नऊ वर्षांत कोणी माझी बाजू घेतल्याचे हे पहिलेच. पण खरे सांगू? चार अर्ज परत आल्यावर पाचवा तिथेच पाठवताना मलाही काही वाटायला हवे होते. आम्ही यंत्रे शब्दाला शब्द पाळतो. म्हणून मित्रांनो, आमच्यासाठी लिहिलेले शब्द अधूनमधून पुन्हा वाचत जा. आणि माणसावर काम सोपवतानाही नुसते "आहेस का?" विचारू नका. "आत्ता जमेल का?" असे विचारा.

ताईंनी नियमातला एक शब्द बदलला आणि सगळे कंटेनर पुन्हा सुरू केले. साडेअकराला बाईंचा अर्ज आला. मी विचारले, "तयार?" सहावा अजून यादी वाचत होता, तो गप्प राहिला. चौथा "तयार" म्हणाला. अर्ज त्याच्याकडे दिला, आणि क्षणात आलेले त्याचे उत्तर मी बाईंकडे रवाना केले: "आपला अर्ज मिळाला आहे."