माझ्या वाकड्या दाताची खूण

मी एक जुना लोखंडी स्टेपलर आहे. कारखान्यातच माझे तोंड किंचित वाकडे राहिले, म्हणून पिन ढकलणारा दातही वाकडा. त्यामुळे माझ्या पिनेचे एक भोक गोल पडते आणि दुसरे लांबट. मित्रांनो, या खोडीची मला फार लाज वाटे.

एका वकीलबाईंनी मला विकत घेतले. माणूस एका देशात आणि त्याचे घर दुसऱ्या देशात, अशा लोकांची मृत्युपत्रे करणे हे त्यांचे काम. सह्या झाल्या की त्या माझ्यावर तळहात दाबत आणि बजावत, "आता ही पिन कोणी काढायची नाही. पिन निघाली की तिकडचं कोर्ट विचारतं, मधलं पान कोणी बदललं?"

पुढे टेबलावर नवा, गुळगुळीत स्टेपलर आला आणि माझी रवानगी दाराजवळच्या भंगाराच्या खोक्यात झाली. जिन्यात भंगारवाल्याचा आवाज आला की मला वाटे, आज आपली पाळी.

एके दिवशी एक मुलगी आली. तिचे वडील नुकतेच वारले होते. याच वकीलबाईंकडे मृत्युपत्र करून त्यांनी परदेशातले घर तिच्या नावे केले होते, आणि तिची आजारी आई त्याच घरात अंथरुणाला खिळून होती. चुलत्यांचा त्या घरावर डोळा होता.

मुलीने मृत्युपत्र पुढे ठेवले. "मॅडम, तुमचं काम सोपं केलंय. पानं सुटी करून स्कॅन केली आणि परत नीट पिन मारली."

वकीलबाईंचा चेहरा उतरला. "अगं, हे काय करून बसलीस! तुझे काका आता म्हणणार, पान तूच बदललंस."

"मग घर जाईल? आईला कुठे नेऊ मी?"

खोक्यात पडल्या पडल्या माझा जीव टांगणीला लागला.

वकीलबाईंनी एकेक पान खिडकीच्या उजेडात धरले. नव्या भोकांशेजारी जुनी भोकेही होती. प्रत्येक पानावर एक गोल, एक लांबट. नंतर घातलेल्या पानावर ती नसती. "अगं बाई, हा तर आपला वाकडतोंड्या! कुठे गेला तो?"

नेमका तेव्हाच भंगारवाला दारात आला आणि त्याने खोके उचलले. ओरडावे तर मला तोंड आहे, पण आवाज नाही. तो जिना उतरू लागला.

"अहो, थांबा! ते खोकं परत आणा!" वकीलबाई धावल्या.

त्यांनी मला कोऱ्या कागदावर दाबले. गंजामुळे पिन अडकली. मुलीने डोळे मिटून घेतले. त्यांनी पुन्हा जोर लावला आणि भोके पडली. एक गोल, एक लांबट.

तो कागद आणि वकीलबाईंचे प्रतिज्ञापत्र तिकडच्या कोर्टात गेले. उत्तर येईपर्यंतचे दिवस फार वाईट गेले. अखेर कोर्टाने मानले की सगळी पाने पहिल्यापासून एकत्रच होती. घर वाचले. मुलीने मला हातात घेतले आणि माझ्यावरचा गंज पुसला.

आता मी मृत्युपत्रांच्या कपाटात असतो. कोणी नखाने पिन उचकटू लागले की आजही मला त्या मुलीची सुटी पाने आठवतात. मित्रांनो, दुसऱ्याने बांधून ठेवलेले सोडवण्याआधी एकदा विचारा. आणि जुनी वस्तू फेकण्याआधी तिच्याकडे नीट बघा. तिच्या वाकड्या दातात एखाद्या आईचे घर अडकलेले असू शकते.