शेवटचा हात माझा

मित्रांनो, आपली गोष्ट सांगणारे बहुतेक जण छाती पुढे काढून सांगतात. मला ते जमायचं नाही. मी एक जुना फडका आहे, गाडीची काच पुसायचा, आणि खरं सांगतो, तुमच्याकडे मान वर करून बघायची मला लाज वाटते. का, ते ऐका. लाज वाटते म्हणून मधलं काही गाळणार नाही.

जन्माने मी दुपटं. फ्लॅनेलचं, फिकट पिवळं, लांबरुंद. एका मुलीचं पहिलं वर्षभर माझ्यात गुंडाळून गेलं. ती मोठी झाली, नोकरीला लागून दूर गेली, आणि मी कपाटाच्या तळाशी घडी होऊन पडलो. मग एके दिवशी तिच्या आईने माझे दोन भाग केले. एक भाग तिने पुन्हा कपाटात ठेवला. दुसऱ्याच्या, म्हणजे माझ्या, चारी कडा दुमडून बारीक टीप मारली आणि मला नवऱ्याच्या हातात दिलं. "अहो, हा घ्या फडका. काचेवर एक चरा उठायचा नाही."

नवऱ्याला सगळे भाऊ म्हणायचे आणि तिला वहिनी. भाऊ एका दवाखान्याची गाडी चालवत. ज्या म्हाताऱ्या माणसांना वरचेवर उपचारांना जावं लागतं आणि एकट्याने जाता येत नाही, त्यांना घरून आणायचं, परत नेऊन सोडायचं. दारापाशी गाडी अशी लावायचे की घराची पायरी आणि गाडीची पायरी यांत एका पावलाचंच अंतर उरावं. आजारी माणसाला दोन पावलं जास्त का टाकायला लावायची, असं ते म्हणत. सव्वीस वर्षांत त्यांच्या गाडीत कुणाला साधा हिसका बसला नव्हता.

माझं काम रोज सकाळी, दवाखान्यामागच्या शेडमध्ये. आधी डॅशबोर्ड. त्यावर चकाकी आणणाऱ्या पॉलिशचे दोन फवारे, मग मी गोल गोल फिरायचो. तो लखलखला की भाऊ माझी घडी उलटवायचे आणि समोरची काच आतून पुसायचे. बाहेरून काचेला पाणी, साबण, काय ते असे. पण आतला शेवटचा हात माझा. तो फिरल्याशिवाय भाऊंना गाडी तयार झाली असं वाटतच नसे.

रविवारी वहिनी मला धुवायच्या. शेवटच्या पाण्यात कपडे मऊ करायचं निळं औषध झाकणभर ओतायच्या. इतर कपड्यांना एक झाकण, मला एकट्याला एक. "काचेचं काम आहे त्याचं," म्हणायच्या. वाळलो की भाऊ मला गालाला लावून बघायचे. "वा! लोणी आहे लोणी!"

शेफारलो मी. शेडमधले बाकीचे फडके, ते खरखरीत, ग्रीसने काळे झालेले, त्यांच्याकडे मी ढुंकून बघत नसे. एक गोष्ट मात्र तेव्हाच माझ्या ध्यानात आली होती. माझ्यावर पाण्याचा थेंब पडला तर तो मुरत नसे. घरंगळून खाली जायचा. पाणी न पिणारा फडका कसला फडका? पण कौतुक चाललेलं असताना असले प्रश्न स्वतःला कोण विचारतं!

मग काचेवर धुरकटपणा दिसायला लागला. शेडच्या सावलीत काच स्वच्छ दिसायची. पण सकाळच्या पहिल्या फेरीला एका वळणावर ऊन थेट समोरून येई, आणि त्या वळणावर काच एकदम पांढरी व्हायची. भाऊ डोळे बारीक करत, पुढे वाकत, आणि खिशातून मला काढून चालत्या गाडीतच एक हात मारत. काच आणखी पांढरी व्हायची.

भाऊ हार मानणारे नव्हते. काच साबणाने धुतली, ओल्या वर्तमानपत्राने घासली, व्हिनेगर लावून पाहिलं. वायपर बदलले. गाडी दुरुस्त करणारा म्हणाला, काच म्हातारी झाली. प्रत्येक वेळी काच खरोखरच स्वच्छ निघायची, मित्रांनो! आणि प्रत्येक वेळी भाऊ मला घडीतून काढून प्रेमाने शेवटचा हात फिरवायचे. मी अंगातलं पॉलिश आणि ते निळं औषध पुन्हा काचभर सारवून ठेवायचो. तासाभराची मेहनत मी मिनिटभरात मातीत घालायचो, आणि वर शाबासकी घ्यायचो.

व्हायचं तेच झालं. त्या दिवशी गाडीत निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांना सगळे बाई म्हणत. वळणावर ऊन आलं, काच पांढरी झाली, आणि त्या पांढऱ्यातून अगदी हातभर अंतरावर एक हातगाडीवाला निघाला. भाऊंनी ब्रेक दाबला. हातगाडीवाला वाचला. पण बाईंचं कपाळ पुढच्या सीटच्या दांडीवर आपटलं. टेंगूळ आलं, चांगलं लिंबाएवढं.

"काही नाही झालं हो, भाऊ," बाई म्हणत होत्या. घाम पुसायला भाऊंनी मलाच काढलं, आणि तो घामसुद्धा मला टिपता आला नाही.

दुपारी भाऊ घरी गेले ते खाली मान घालूनच. "माझे डोळे गेले," ते वहिनींना म्हणाले. "उद्या किल्ली परत देतो. एखाद्याचा जीव जायच्या आधी थांबलेलं बरं."

वहिनी पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "आधी डोळे तर दाखवा." मी खुंटीवर लटकत होतो. सव्वीस वर्षांचं नाव ज्याने धुळीला मिळवलं तो गुन्हेगार समोर होता, आणि दोघंही भाऊंच्या डोळ्यांना बोल लावत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी भाऊ मला खिशात घालून चष्मेवाल्याकडे गेले. त्याने डोळे तपासले. लांबची शेवटची ओळसुद्धा भाऊंनी घडाघडा वाचली. "लांबचं उत्तम आहे तुमचं. वाचायला तेवढा चष्मा लागेल," तो म्हणाला.

"मग मला समोर धुकं का दिसतं?" भाऊ चिडलेच. चष्मेवाल्याने वाचायचा चष्मा हातात दिला, तर सवयीने त्यांनी खिशातून मला काढलं आणि भिंगांवर शेवटचा हात फिरवला.

भिंगं पांढुरकी झाली. चष्मेवाल्याने ती दिव्यासमोर धरली, मग मला हातात घेतलं, हुंगलं, आणि माझ्यावर पाण्याचा एक थेंब सोडला. थेंब घरंगळून टेबलावर पडला.

"भाऊ, हा फडका पुसत नाही, माखतो," तो म्हणाला. "कशाकशात बुडवता याला?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते बघत राहिले, घरचंच माणूस उलटावं तसे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काच नीट साफ केली. मला सीटखाली कोंबलं होतं, तिथून ऐकत होतो. कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब, आणि साध्या सुती कापडाने काच दोनदा पुसली. मग दवाखान्यातलं जखम पुसायचं स्पिरिट दुसऱ्या कोऱ्या कापडावर घेऊन कोपऱ्यांपर्यंत. मग तिसऱ्या कापडाने कोरडी. पुन्हा स्पिरिट. बोट फिरवलं की काच करकर वाजेपर्यंत ते थांबले नाहीत. मग गाडी शेडबाहेर काढून उन्हाकडे तोंड करून उभी केली आणि पाहिली. शेवटचा हात कुणीच फिरवला नाही.

बाई आल्या तेव्हा भाऊंनी हात जोडले. बाई शेवटी शिक्षिकाच. म्हणाल्या, "चूक सापडली ना? मग आता माझं टेंगूळ बघत बसू नका, रस्ता बघा."

घरी मात्र भाऊंनी वहिनींना सांगितलं की फडका हरवला. त्या झाकणभर औषधाची गोष्ट त्यांच्या जिभेवर येईना. माझ्यासाठी भाऊ पहिल्यांदा खोटं बोलले, याचीही शरम माझीच. आठवड्याने वहिनी गाडीत बसल्या आणि पायाशी मी सापडलो. मग सगळं सांगावंच लागलं.

वहिनींनी मला मांडीवर पसरलं. "म्हणजे बाईंच्या कपाळावर ते मी केलं?"

"दोघांनी मिळून," भाऊ म्हणाले. "पॉलिश माझं होतं."

घरी जाऊन वहिनींनी कपाटातून दुपट्याचा उरलेला अर्धा भाग काढला. तो त्यांनी नातवंडासाठी जपून ठेवला होता. त्याचा फडका शिवला, नुसत्या साबणाने धुतला, तीन पाण्यांतून काढला. वाळल्यावर गालाला लावला. "खरखरीत झालाय हो," त्या हळूच म्हणाल्या, आणि तसाच भाऊंच्या हातात दिला.

मित्रांनो, आता मी इंजिनातलं ऑइल मोजायची पट्टी पुसतो. ते काम मला शोभतं. तुमच्याकडे माझं एवढंच मागणं आहे. काचेचा फडका वेगळा ठेवा, त्याला पॉलिश दाखवू नका, मऊ करू नका. कुणी म्हणालं की मला दिसत नाही, तर त्याच्या डोळ्यांना बोल लावण्याआधी मधली काच बघा. आणि तुमचं खूप कौतुक होत असेल तर कधीतरी स्वतःवर पाण्याचा एक थेंब टाकून पाहा. मी पाहिला होता, आणि गप्प बसलो होतो.

रोज सकाळी ते वळण येतं. सीटखाली मला ऊन दिसत नाही, पण गाडीचा वेग कमी होताना कळतो. गाडी अलगद थांबते, कुणाला हिसका बसत नाही. बाहेर हातगाडीची चाकं खडखडतात.

"जा, जा, सावकाश," भाऊ म्हणतात. "दिसतोयस मला."