आजार पिणारं फूल

ह्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू! पण बसथांब्यामागच्या उकिरड्यावर एक झुडूप उगवलं आणि अख्ख्या वस्तीचे आजार घटाघट प्यायला लागलं. संध्याकाळी तिथे एवढी गर्दी उसळायची, की बसमधून उतरणाऱ्याला पाय टेकायला जागा नसे. तो खाली उतरायचा तो थेट कुणाच्या तरी खांद्यावर.

खरं तर ते उगवलं नव्हतं, शिंपीणबाईंच्या मंडळानं लावलं होतं. दर रविवारी भल्या सकाळी फावडी आणि झाऱ्या घेऊन यायचं, कचरा उपसायचा, रोपं लावायची, पाणी घालायचं आणि ऊन चढायच्या आत घर गाठायचं, हा मंडळाचा शिरस्ता. त्या झुडपाला तळहाताएवढी पांढरीशुभ्र फुलं आली तेव्हा सगळ्यांनी एकमेकांच्या पाठी थोपटल्या. संध्याकाळी तिकडे फिरकायचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही.

फिरकला तो फुलबुवा. पूर्वी हा छत्र्या दुरुस्त करायचा. छत्री कमी आणि तोंड जास्त उघडायचा. आता झुडपाखाली सतरंजी टाकून बसला.

"सकाळी पांढऱ्या फुलाला हात लावा, दुखणं त्याला द्या. संध्याकाळी बघा, तुमचं दुखणं पिऊन फूल लाल! आणि औषधं बंद बरं का. फूल आणि औषध म्हणजे सवती-सवती, एका घरात नांदत नाहीत."

आणि फूल खरंच लाल व्हायचं! मंडळाचे अध्यक्षसुद्धा आपले गुडघे फुलाला देऊन आले. वर साक्ष दिली, "आम्हीच लावलंय, आम्ही तर पांढरंच बघत आलोय!"

शिंपीणबाई हसून सोडून देत. पण त्यांच्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, साखरेच्या आजाराचं इंजेक्शन बंद केलं. तिला घेरी यायला लागली, पाण्याचा तांब्या तोंडचा सुटेना.

"अक्का, जिवावर बेतेल गं!"

"तू आपली काजं कर. माझं फूल बघितलंस का, कसं लालबुंद झालंय ते?"

शिंपीणबाई तणतणत सकाळीच झुडपाकडे गेल्या आणि दोन फुलं तोडून घेऊन आल्या. एक शिलाई मशीनवर पाण्याच्या पेल्यात ठेवलं. दुसरं पेल्यात मावेना, म्हणून फ्रिजमध्ये कोबीशेजारी सारलं. संध्याकाळी बघतात तो मशीनवरचं लाल, कोबीशेजारचं पांढरंच!

"मशीनला कसला आला आजार?" त्या पुटपुटल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बुवासमोरच अक्काचा हात दोन फुलांना लावून घेतला. "घरी जपून ठेवते हो," म्हणत दोन्ही तोडून आणली आणि संध्याकाळी भर गर्दीत पुढे धरली. एक लाल, एक पांढरं.

बुवा जरा गडबडला, पण लगेच सावरला. "अहो, लाल फुलानं सगळा आजार संपवला! पांढऱ्याला प्यायला उरलंच काय?"

"उरलं काय? ते फ्रिजमध्ये होतं!" शिंपीणबाई गर्दीकडे वळल्या. "ह्या झुडपाची जातच अशी आहे. फूल उमलतं पांढरं, दिवस तापेल तसा पाकळ्यांत रंग भरतो. गारठ्यात ठेवलं की भरत नाही. आम्ही सकाळचे माळी, संध्याकाळचं फूल आम्ही कधी बघितलंच नाही, ही आमची चूक. फुलं सगळ्यांची आहेत. उद्या एकेक न्या आणि स्वतः करून बघा. माझ्यावरही विश्वास ठेवू नका. आणि दुखणं मात्र डॉक्टरला दाखवा."

गर्दीत कुजबुज सुरू झाली. अध्यक्ष गुडघे चोळत मागे सरकले. अक्का दोन्ही फुलांकडे टक लावून बघत होती.

"बुवा, लाल झालं तरी मी बरी, पांढरं राहिलं तरी मी बरी. मग मी आजारी असले तर फूल काय हिरवं होणार?"

"होतं की!" बुवानं हात उंचावला. "हिरवंगार होतं! मी ह्या डोळ्यांनी पाहिलंय!"

"खोटं!" अक्का कडाडली. "साफ खोटं बोलतोय मेला! चल गं घरी, माझं इंजेक्शन काढ."