आत्याची जीप आणि काल्याची आमटी

आमच्या डोंगरावरच्या देवळात पाण्याचा थेंब नाही. म्हणून सप्त्याच्या शेवटच्या दिवशी, काल्याच्या कीर्तनानंतर जी पंगत बसते, तिच्या भाकरी घरोघरी होतात आणि आमटी खाली वस्तीवर राहीआज्जी मोठ्या कढईत शिजवते. मग सगळं वर न्यायचं. भाकरीचं काही नाही, ती टोपल्यातून डोक्यावर जाते. आमटीला मात्र गाडीच लागते. आणि वर जायची वाट म्हणजे खरं तर कोरडा ओढा. त्यात म्हशी बसल्यासारखे धोंडे.

मागच्या वर्षी वैजनाथदादाच्या ट्रॅक्टरनं आमटी नेली. वर पोचेपर्यंत निम्मी ट्रॉलीत. लोकांनी ठेच्याशी भाकरी खाल्ली आणि पुढं वर्षभर एकच बोलणं, "आवंदा डोंगरच जेवला."

यंदा मंडळाच्या बैठकीत माझी जयाआत्या उभी राहिली. "आमटी मी नेते. जीपमधून."

जीप अजिनाथमामांची, म्हणजे आत्याच्या यजमानांची. मामा हंगामभर कोपरगावकडं ऊसतोडणीच्या मशीनवर असतात, त्यामुळे जीप आत्याच चालवते. आठवड्याला मिरजगावच्या बाजारात भाजी घेऊन जाते.

मंडळाचे अध्यक्ष हनुमंतनाना मिशीतल्या मिशीत हसले. "जये, बाजारला मेथी न्हेनं येगळं. मेथी सांडत न्हाई."

सगळे हसले. आत्या हसली नाही. "सांडली तर परत कदी मागनार न्हाई. न्हाई सांडली तर दरसाल माझ्याकडं. बोला."

नानांना बोलावंच लागलं. मी मागं बायकांत बसले होते आणि मला तिथल्या तिथं टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. आमच्या गावात बाईनं काही मागितलं की ती आधी "जमलं तर" म्हणते. आत्या म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही ओढ्यात तालीम केली. पाण्यानं काठोकाठ भरलेलं पातेलं जीपच्या मागं ठेवलं आणि ते धरून मी बसले. पहिल्या धोंड्यावर डावं चाक चढलं आणि सगळी जीप उजवीकडं अशी फेकली गेली, की पातेलं निम्मं माझ्या अंगावर. शाळेचा ड्रेस, दप्तर, सगळं ओलं. मी इतकी हसले की आत्याला गाडी बंद करावी लागली.

"हसू नकोस, ज्ञानू. ही आमटी आसती तर भाजली आसतीस."

मग ती जीपखाली शिरली. मीही शिरले, कारण मला सगळं बघायचं असतं. पुढच्या दोन चाकांच्या मधून एक जाड, वाकवलेली सळई जाते. तिला स्टॅबिलायझर म्हणतात. तिच्या दोन्ही टोकांना हातभर पण नाही एवढी एकेक दांडी असते, लिंक, आणि त्या लिंकनं सळई चाकांकडच्या भागाला बोल्टनं जोडलेली असते. एक चाक वर गेलं की सळई दुसऱ्यालाही वर ओढते. वळणावर जीप एका अंगाला कलंडू नये म्हणून ही सोय. पण धोंड्यात तीच सोय नडते. डावं चाक धोंड्यावर चढतं, उजव्याला खड्ड्यात उतरायचं असतं, आणि सळई म्हणते, न्हाई, दोघं बरोबर. मग दोघांच्या ओढाताणीत वरची माणसं आणि पातेली हलतात.

आत्यानं दोन्हीकडच्या लिंक सोडल्या आणि सळईची टोकं लोंबू नयेत म्हणून तारेनं वर बांधली. पातेलं परत भरलं. यावेळी चाकं आपापली वरखाली होत राहिली, एक इकडं, एक तिकडं, खेकड्याच्या पायांसारखी, आणि जीपचं अंग मात्र संथ. पाणी नुसतं थरथरलं.

"मग ही सळई वाईटच की," मी म्हटलं.

"वाईट कशानं? डांबरीवर हिच्यावाचून मी गाडी काढनार न्हाई." आत्या हात पुसत म्हणाली. "रस्ता बघायचा आन् ठरवायचं."

मला हे फार आवडलं आणि थोडं खटकलंही. मला असं वाटायचं की एखादी गोष्ट एकदा चांगली ठरली की ठरली. घरी जाताना मी त्याच विचारात होते. मला नेहमी सांगतात, चारचौघींसारखी राहा. तेही वाईट नसेलच. कुठल्या रस्त्यावर, एवढाच प्रश्न असेल.

काल्याच्या दिवशी राहीआज्जीनं आमटी पातेल्यांत भरली, तोंडांना फडकी बांधली आणि आत्याला म्हणाली, "माझा तिखटाचा हात हाय, सांडलीस तर जीपचा रंग जाईल." आत्यानं तिथंच, वस्तीवरच्या सपाट जागेत, लिंक सोडल्या. मी पातेल्यांना टेकून मागं बसले. वर जायला चालणाऱ्या बायकांपेक्षाही आम्हाला जास्त वेळ लागला. आत्या प्रत्येक धोंड्याशी जणू बोलून, त्याला विचारून पुढं जात होती. देवळापाशी फडकी सोडली तर सगळी पातेली भरलेली. नुसती फडकी लाल झालेली.

पंगतीत माणसं परत परत आमटी मागत होती. वैजनाथदादानं दोनदा मागून घेतली आणि म्हणाला, "यंदा डोंगर उपाशी राह्यला गं, जया." नाना वाटीला तोंड लावून आमटी प्यायले. ती म्हणजे कबुलीच.

मला वाटलं, झालं. जिंकलो.

मग कीर्तनकार महाराजांना निघायची घाई झाली. संध्याकाळी त्यांचं शेवगावकडं कीर्तन होतं आणि त्यांची गाडी मिरजगावात पंक्चर काढायला थांबलेली. आता जयाची जीप म्हणजे गावाची शान. नाना म्हणाले, "महाराजांना जयाच सोडंल." महाराज पुढं बसले, मागं नाना, टाळकरी, पखवाजवाला, आणि मी. आत्यानं एकदा मागं वळून माणसं पाहिली. मला तिच्या कपाळावरची आठी दिसली.

ओढा संपून जीप डांबरीला लागली तशी आत्यानं ती कडेला घेतली आणि बंद केली.

"काय झालं?" नाना.

"लिंक जोडायच्यात. स्टॅबिलायझर सुटलेला हाय."

"आगं, आत्ता तर झकास आली की. चल, दाब. महाराजांना उशीर होतोय."

"धोंड्यातनं आली, नाना. ह्यो हायवे हाय. येवढी मानसं घिऊन समोरनं ट्रक आला आन् झटक्यात वळवायची येळ आली तर गाडी आडवी होईल."

"मग हळू घे."

"हळूच घेतली आसती. पन समोरचा हळू येनार हाय का?"

महाराज पुढं घड्याळ बघत होते. नाना खाली उतरले आणि माझ्यादेखत आवाज चढवून म्हणाले, "एक आमटी न्हेली म्हनून लई शानी झालीस का? सप्त्याला बट्टा लागंल. गावाचं नाव जाईल."

आत्याचं तोंड उतरलं. मला कळत होतं काय चाललंय ते. आत्ताच सगळ्यांनी तिला मानलं होतं. आत्ता गप्प गाडी दामटली असती तर दरसालची आमटी तिचीच होती, आणि बहुतेक काही झालंही नसतं. तिनं पाना घेतला आणि साडीचा पदर खोचून जीपखाली गेली.

मी चाकांमागं दगड लावले. एका बाजूची लिंक बसली. दुसऱ्या बाजूचं भोक काही जुळेना. रस्त्याची कड उतरती होती, त्यामुळे त्या अंगाला जीप उंच राहिली होती.

खालून आत्याचा आवाज आला. "ज्ञानू, ह्या अंगाला वजन पायजे."

मी पायरीवर उभी राहिले. काही नाही. पखवाजवाला आला. "आजून," खालून आवाज. मी सगळ्यांकडं पाहिलं. आमच्या गावात सगळ्यात वजनदार माणूस कोण हे विचारायची गरज नाही.

"नाना," मी म्हटलं, "तुम्ही या. या पायरीवर."

"मी?"

"तुम्हीच. लवकर या, महाराजांना उशीर होतोय."

शाळेत उत्तर येत असूनही हात वर न करणारी मुलगी मीच होते, दोन वर्षांपूर्वीपर्यंत. नाना आले. धोतर सावरत चढले, तशी जीप कुरकुरत खाली बसली. "थोडं ऱ्हायलं," आत्या म्हणाली. तेव्हा महाराज स्वतः उतरून आले, "आमचाबी काही उपयोग व्हतोय का बघा," म्हणत नानांच्या खांद्याला धरून चढले. दोघं एका पायरीवर, मिठी मारल्यासारखे. टाळकरी हसू दाबत दुसरीकडं बघत होते.

"हलू नका," मी सांगितलं. आणि ते हलले नाहीत.

बोल्ट बसला.

मिरजगावपर्यंत काही झालं नाही. समोरून उसाच्या गाड्या आल्या, एक एसटी आली, आत्या शांतपणे चालवत राहिली. महाराजांना उशीर झाला तो झालाच.

पुढच्या बैठकीत नाना म्हणाले, "आमटी जयाच न्हेईल. पन महाराजांना आनायला-सोडायला दुसरी गाडी बघू." मी उठणार होते. आत्यानं माझी ओढणी धरून मला खाली बसवलं.

बाहेर आल्यावर मी भडकलेच. "तू सगळ्यांना नीट पोचवलंस आणि त्यांनी उशीर तेवढा धरून ठेवला."

"आमटी सांडली न्हाई ती लोकांनी खाल्ली," आत्या म्हणाली. "गाडी आडवी झाली न्हाई, ती कुनाला काय दाखवनार?"

तेवढ्यात मागून नानांची हाक आली. ते इकडंतिकडं बघत जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "जये, आमच्या पोराच्या, हर्षलच्या पिकअपला आसती का गं तसली सळई? मागं त्यानं कायतरी काढून ठिवलंय म्हनं, शेतात गाडी मऊ चालावी म्हनून. तसाच कांदा घिऊन शेवगावला जातोय रोज."

आत्यानं त्यांच्याकडं नीट पाहिलं. चेष्टा केली नाही.

"उद्या सकाळी आना," ती म्हणाली. "आन् हर्षलला सांगा, तवर कांदा भरू नको."

"सांगतो," नाना म्हणाले, आणि तिथंच उभे राहून त्याला फोन लावला.